झाड जगते कसे?



मराठी आणि उर्दू या दोन भाषा जणू शेजारणी आहेत. शेजारणींसारखीच त्यांची देवाणघेवाण चालू असते. जमीन, हवा, बाजार, कागद, हिशोब हे शब्द दोघींच्याही घरात सापडतात. पण कधी कधी एकच शब्द दोन घरांत दोन वेगळे अर्थ घेऊन राहतो आणि मग गंमत होते. उर्दूतला 'पत्ता' झाडावर असतो. मराठीत पत्ता पाकिटावर लिहितात आणि झाडावर असते ते 'पान'. उर्दूतली 'जड' जमिनीत असते. मराठीत जड म्हणजे वजनदार आणि जमिनीत असते ते 'मूळ'. उर्दूतला 'खत' पोस्टमन आणतो. मराठीतले खत शेतकरी शेतात टाकतो. 'साल' म्हणजे वर्ष, हे तर दोन्ही भाषांत खरे आहे. पण मराठीत झाडाच्या खोडावर असलेल्या आवरणालाही 'साल' म्हणतात.

हे शब्द लक्षात ठेवा, विशेषतः 'साल' हा शब्द. कारण आज मी तुम्हांला ज्या दोन झाडांची गोष्ट सांगणार आहे, त्यांचे प्राण सालीवरच अवलंबून होते.

झाडाचा गळा सुजला!

आमचे गाव यंत्रमागांचे. गावात खटखट भरपूर, सावली थोडी. मे महिन्यात शाळेच्या अंगणातली फरशी इतकी तापते की तिच्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. म्हणून एका पावसाळ्यात आम्ही फाटकाच्या दोन्ही बाजूंना कडुनिंबाची दोन रोपे लावली. मुलांनी ती जिवापाड जपली. शाळा सुटली की बाटलीत उरलेले पाणी रोपांना घालायचे, असा नियमच झाला. तीन वर्षांत रोपांची झाडे झाली. खोड मनगटाएवढे जाड झाले आणि पाखरे येऊन बसू लागली.

एका जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा आठवीतली एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, झाडाचा गळा सुजला आहे."

वर्गात हशा पिकला. झाडाला कुठे गळा असतो? पण मी तिच्यासोबत जाऊन पाहिले. दोन्ही झाडांच्या खोडांना लोखंडी तार बांधलेली होती. खोड वाढत गेले, तार मात्र होती तेवढीच राहिली. त्यामुळे ती सालीत खोल रुतली होती. तारेच्या वरचा भाग फुगला होता, खालचा भाग बारीकच राहिला होता. खरोखर गळा सुजल्यासारखेच दिसत होते.

आमच्या शाळेच्या शिपायांना आम्ही सारे 'चाचा' म्हणतो. ते म्हणाले, "सर, पाने बघा, किती हिरवी आहेत. झाडाला काही झालेले नाही. आता तार ओढली तर उलट साल निघेल."

चाचांचे म्हणणे खोटे नव्हते. पाने हिरवीगार होती. म्हणजे पाणी वर पोहोचत होते. मग काळजी करण्याचे कारण काय? मुलगी बरोबर होती की चाचा?

या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देता येत नाही. त्यासाठी झाड जगते कसे, खाते काय, पिते काय आणि वाढते कुठून, हे समजून घ्यावे लागते. चला, अगदी बियांपासून सुरुवात करू.

बी जागे होते

तुमच्या आईकडून मूठभर मूग मागून घ्या. कोरडे मूग डब्यात महिनोन्‌महिने पडून राहतात. ते निर्जीव दिसतात, पण निर्जीव नसतात. प्रत्येक दाण्यात एक इवलेसे रोप झोपलेले असते आणि त्याच्या उशाशी अन्नाची शिदोरी बांधलेली असते. मुगाचा दाणा सोलला की डाळीच्या ज्या दोन पाकळ्या दिसतात, तीच ती शिदोरी. तिला बीजपत्रे म्हणतात.

मूग रात्रभर भिजवा आणि सकाळी ओल्या फडक्यात बांधून ठेवा. बी पाणी शोषून फुगते. पाणी मिळताच आतले काम सुरू होते. साठवलेल्या अन्नाचे विरघळणाऱ्या साध्या पदार्थांत रूपांतर होते आणि ते इवल्या रोपाला मिळू लागते. दुसऱ्या दिवशी फडके सोडा. प्रत्येक दाण्यातून पांढरे टोक बाहेर आलेले दिसेल. ते पान नसते. ते मूळ असते. झाड आधी पाय रोवते आणि मग डोके वर काढते.

आता आणखी एक प्रयोग करा. थोडे मूग एका पेल्यात पूर्ण पाण्याखाली बुडवून दोनतीन दिवस तसेच ठेवा. त्यांची वाढ नीट होत नाही. ते कुजू लागतात आणि त्यांना वास येतो. पाणी तर भरपूर होते, मग असे का झाले? कारण बियांना पाण्याबरोबर हवाही लागते. बी जागे झाले की ते श्वास घेऊ लागते आणि पाण्याखाली त्याला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. पाणी, हवा आणि बेताची ऊब, या तीन गोष्टी मिळाल्या की बी रुजते. उजेडाची गरज मुगाला रुजताना नसते, रुजल्यानंतर असते. कारण शिदोरी चारआठ दिवसांत संपते आणि पुढचे अन्न स्वतः कमवावे लागते.

मूळ : फक्त पाणी पिणारे नव्हे

मुळाची दोन कामे सर्वांना माहीत असतात. ते झाडाला जमिनीत घट्ट धरून ठेवते आणि पाणी शोषून घेते. पण मूळ पाणी शोषते ते कुठून? जाडजूड मुळांतून नव्हे. कोवळ्या मुळाच्या टोकापासून थोडे मागे केसांसारखे बारीक तंतू असतात. त्यांना मूलरोम म्हणतात. मातीच्या कणाकणांमध्ये शिरून हे मूलरोम पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार घेतात. ते इतके नाजूक असतात की रोप हिसका देऊन उपटले की तुटून जातात. म्हणूनच रोप एका जागेवरून दुसरीकडे लावताना मातीच्या गोळ्यासकट हलवतात. ज्या रोपाचे मूलरोम तुटले, त्याला कितीही पाणी घाला, ते दोनचार दिवस मान टाकूनच राहते.

मूळदेखील श्वास घेते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. कुंडीत सतत पाणी साचून राहिले तर या पोकळ्या पाण्याने भरतात आणि मुळे गुदमरतात. अशा वेळी पाने पिवळी पडून कोमेजतात. आपल्याला वाटते, झाड तहानलेले आहे. आपण आणखी पाणी घालतो. म्हणजे बुडणाऱ्याच्या तोंडात आणखी पाणी ओतण्यासारखेच झाले! म्हणून कुंडीच्या तळाला भोक असावे. झाडाच्या बुंध्यालगत चहूबाजूंनी सिमेंटचा थर घालणेही याच कारणाने चूक. त्याने पाणीही अडते आणि हवाही अडते.

मातीतून झाडाला नत्र, स्फुरद, पालाश, लोह, मॅग्नेशिअम असे पदार्थ लागतात. पानांना हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्यात मॅग्नेशिअम असते. नत्र कमी पडले की आधी जुनी, खालची पाने पिवळी होतात. कारण झाड त्यांच्यातले नत्र काढून कोवळ्या पानांना देते. लोह कमी पडले तर उलटे होते, कोवळी पाने आधी पिवळी पडतात. झाड बोलत नाही, पण असे इशारे करते.

मात्र 'थोडे दिले तर बरे, मग खूप दिले तर फारच बरे' हा हिशोब खताला लागू पडत नाही. लहानपणी मी घरच्या गुलाबाच्या कुंडीत मूठभर युरिया ओतला होता. आठवड्याभरात गुलाब करपला. मातीत क्षार फार झाले की मुळे पाणी घेऊ शकत नाहीत; उलट त्यांच्यातलेच पाणी बाहेर ओढले जाते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते ना? तसेच हे.

खोडातल्या दोन वाटा

मुळांनी घेतलेले पाणी उंच शेंड्यापर्यंत जाते कसे? झाडाला हृदय नाही, पंप नाही. तरीही नारळाच्या माथ्यावरच्या शहाळ्यात पाणी पोहोचते.

पावसाळ्यात तेरड्याचे एक रोप मुळासकट हळूच काढा. मुळे धुऊन ते लाल शाई मिसळलेल्या पाण्यात उभे करा. तेरड्याचे खोड थोडे पारदर्शक असते. काही तासांत त्यात लाल रेषा वर चढताना दिसतात. या रेषा म्हणजे जलवाहिन्या, पाणी वर नेणाऱ्या अतिशय बारीक नळ्या. झाडांमध्ये या नळ्या सालीच्या आत, लाकडात असतात.

पाणी वर ओढण्याचे काम पाने करतात. पानांवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते. या क्रियेला बाष्पोत्सर्जन म्हणतात. पाण्याचे कण एकमेकांना धरून राहतात. त्यामुळे वरचा एक कण वाफ होऊन गेला की त्याच्या मागचा कण पुढे सरकतो, त्याच्या मागचा आणखी पुढे, आणि अशी ही साखळी थेट मुळापर्यंत ओढली जाते. दुपारी पानांनी भरलेल्या एका फांदीवर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी बांधून पाहा. तासाभरात पिशवीच्या आत पाण्याचे थेंब जमतील. मुळांनी घेतलेल्या पाण्याच्या शंभर थेंबांपैकी पंचाण्णवाहून अधिक थेंब असे वाफ होऊन निघून जातात. झाडाखाली गारवा वाटतो, तो फक्त सावलीमुळे नाही, या वाफेमुळेही असतो.

पण पाणी वर नेणे एवढेच खोडाचे काम नाही. खोडात दुसरी वाटही आहे. पानांत तयार झालेले अन्न त्या वाटेने सगळीकडे जाते. फळांकडे, कोवळ्या शेंड्यांकडे आणि खाली मुळांकडे. या वाटेला रसवाहिन्या म्हणतात. आणि मुलांनो, झाडांमध्ये रसवाहिन्यांची ही वाट सालीच्या आतल्या भागात असते. पाण्याची वाट लाकडातून, अन्नाची वाट सालीतून. हे वाक्य विसरू नका. आपल्या गोष्टीची किल्ली यातच आहे.

पान : झाडाचे स्वयंपाकघर

झाडाचे वजन येते कुठून? पुष्कळ जण सांगतील, "मातीतून." साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी आजच्या बेल्जियममध्ये राहणाऱ्या यान व्हान हेल्मोंट या शास्त्रज्ञाने हे तपासून पाहिले. त्याने एका मोठ्या कुंडीत नीट वाळवलेली २०० पौंड माती घेतली आणि तीत ५ पौंड वजनाचे विलो जातीचे रोप लावले. ५ वर्षे त्याला फक्त पाणी घातले. मग झाड काढून तोलले, तर त्याचे वजन १६९ पौंडांवर गेले होते. मातीही पुन्हा वाळवून तोलली. ती किती कमी झाली होती? जेमतेम २ औंस! म्हणजे झाडाने माती खाल्ली नव्हती. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे.

व्हान हेल्मोंटने निष्कर्ष काढला की झाड केवळ पाण्यापासून बनते. त्याचे वजनकाटे बरोबर होते, पण एक गोष्ट त्याच्या हिशोबातून सुटली. ती म्हणजे हवा. पुढे १७७१ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ प्रिस्टलेने बंद भांड्यात मेणबत्ती जाळली. ती विझली. मग त्याने त्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. १७७९ मध्ये यान इंगेनहाऊस याने दाखवून दिले की हवा शुद्ध करण्याचे हे काम झाडाचे हिरवे भागच करतात आणि तेही उजेडातच.

आज आपल्याला पूर्ण क्रिया ठाऊक आहे. पर्णरंध्रांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो. मुळांकडून पाणी येते. हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील ऊर्जा पकडते. त्या ऊर्जेने या दोन साध्या पदार्थांपासून साखर तयार होते आणि प्राणवायू बाहेर पडतो. या क्रियेला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइड जेमतेम चार भाग असतो. एवढ्याशा वायूवर सारी रानेवने आणि शेते उभी आहेत. तुम्ही ज्या बाकावर बसला आहात, त्याच्या कोरड्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो आणि तो सारा एके काळी हवेत होता. हवेचाच बाक झाला आहे म्हणा ना!

हे पडताळून पाहायचे असेल तर शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर हा प्रयोग करा. कुंडीतले रोप दोन दिवस अंधारात ठेवा, म्हणजे पानांतला जुना साठा संपेल. मग एका पानाच्या मधल्या भागावर दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावा आणि रोप काही तास उन्हात ठेवा. ते पान तोडून आधी पाण्यात उकळा. नंतर स्पिरिटमध्ये घालून ते भांडे गरम पाण्यात ठेवा. स्पिरिट थेट जाळावर कधीही ठेवायचे नाही. पानाचा हिरवा रंग निघून गेला की ते धुऊन त्यावर आयोडीनचे थेंब टाका. उजेड मिळालेला भाग निळाकाळा होईल, कारण तिथे पिष्ट, म्हणजे स्टार्च, तयार झाले आहे. पट्टीखालचा भाग तसा होणार नाही. उजेड नाही, तर स्वयंपाक नाही.

पर्णरंध्रांना एक अवघड निवड करावी लागते. उघडी राहावीत तर पाणी जाते, मिटावीत तर कार्बन डायऑक्साइड मिळत नाही. बहुतेक झाडांची रंध्रे दिवसा उघडी असतात आणि पाण्याची टंचाई झाली की मिटतात. निवडुंग आणि कोरफड यांनी वेगळी युक्ती शोधली आहे. ती रात्रीच्या गारव्यात रंध्रे उघडतात, कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात आणि दिवसा दारे बंद करून स्वयंपाक करतात.

एक गैरसमज इथेच दूर करू. झाडे दिवसा प्राणवायू देतात आणि फक्त रात्रीच श्वास घेतात, असे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे. झाड रात्रंदिवस श्वास घेते. दिवसा मात्र प्रकाशसंश्लेषण इतक्या जोरात चालते की घेतलेल्या प्राणवायूपेक्षा दिलेला प्राणवायू जास्त होतो. रात्री खोलीत एक कुंडी राहिली तर घाबरण्याचे कारण नाही. त्या कुंडीतल्या रोपापेक्षा शेजारी झोपलेला तुमचा भाऊ कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडत असतो.

झाड वाढते कुठून?

एक कोडे घालतो. तुमच्या उंचीएवढ्या जागी कोणी झाडावर खिळा ठोकला. दहा वर्षांत झाड दुप्पट उंच झाले. खिळा किती वर गेला असेल?

उत्तर आहे : मुळीच वर गेला नाही! झाड रबरासारखे ताणले जात नाही. त्याची उंची शेंड्यांशी वाढते आणि मुळांची लांबी मुळांच्या टोकांशी. तिथल्या पेशी विभागतात आणि मग लांब होतात. बाकीचे खोड फक्त जाड होते.

जाड होण्याचे काम कोण करते? सालीच्या लगेच आत, साल आणि लाकूड यांच्यामध्ये, जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला नवे लाकूड घालतो आणि बाहेरच्या बाजूला नवी साल. सागाचा ओंडका आडवा कापलेला असेल तर लाकडाच्या वखारीत जाऊन जरूर पाहा. त्यावर एकात एक अशी वर्तुळे दिसतात. सागात साधारणपणे दर वर्षाला एक वर्तुळ तयार होते. म्हणजे सालीखाली सालांचा हिशोब लिहिलेला असतो! एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ इथे शेजारी शेजारी येऊन बसले आहेत.

झाडाला दिशा कशी कळते, हाही मोठा सुंदर प्रश्न आहे. खिडकीत ठेवलेले रोप उजेडाकडे वाकते. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या अंकुरांच्या टोकांवर टोप्या घातल्या. टोक झाकले की अंकुर वाकेनात. हे त्यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे उजेड ओळखते टोक आणि वाकतो त्याच्या खालचा भाग. टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे. पुढे कळले की हा निरोप म्हणजे ऑक्झिन नावाचे वाढीचे द्रव्य. ते अंकुराच्या सावलीकडच्या बाजूला जास्त जमते. ती बाजू जास्त लांब होते आणि रोप उजेडाकडे झुकते.

आपल्या देशाचे जगदीशचंद्र बोस यांनी तर झाडाची वाढ डोळ्यांना दिसेल असे यंत्र बनवले. क्रेस्कोग्राफ हे त्याचे नाव. ते झाडाची सूक्ष्म हालचाल हजारो पटींनी मोठी करून दाखवत असे. १९१७ मध्ये त्यांनी कलकत्त्यात बोस संशोधन संस्था स्थापन केली. उघड्या डोळ्यांनी जे झाड स्तब्ध वाटते, ते क्षणोक्षणी काम करत असते, हे त्यांनी लोकांना दाखवून दिले.

आता सांगा, कोण बरोबर?

पुन्हा आपल्या कडुनिंबांकडे येऊ. आता तुम्हीच विचार करा.

तार सालीत रुतली होती. पाण्याची वाट कुठून जाते? आतल्या लाकडातून. ती वाट चालू होती. म्हणून पाने हिरवी होती. पण अन्नाची वाट कुठून जाते? सालीतून. ती वाट तारेने आवळली होती. पानांत तयार झालेली साखर खाली येत होती आणि तारेपाशी अडकत होती. म्हणून तारेच्या वरचा भाग फुगला. इटलीच्या मालपिघी या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच खोडाभोवतीची सालीची कडी काढून ही सूज पाहिली होती. वरचे शेंडे खाऊनपिऊन टवटवीत दिसत होते आणि अंधारात काम करणारी मुळे उपाशी होती. मुळांनी आपला जुना साठा खाऊन दिवस काढायचे आणि साठा संपला की मरायचे. मुळे मेली की पाणी बंद. पाणी बंद झाले की तीच हिरवी पाने चार दिवसांत वाळणार.

म्हणजे चाचांनी जे पाहिले ते खरे होते, पण मुलीने जे पाहिले ते जास्त महत्त्वाचे होते.

आम्ही पक्कड आणली आणि तार न ओढता तिचे तुकडे करून एकेक सोडवला. डाव्या बाजूच्या झाडाला तार बांधताना एका बाजूने गोणपाटाची घडी ठेवलेली होती. तिथली साल शाबूत होती. उजव्या झाडाला मात्र तारेने चहूबाजूंनी कापले होते.

पुढच्या उन्हाळ्यात डाव्या झाडाला नवी पालवी फुटली. उजव्या झाडाचीही पाने आली, पण लहान आणि फिकट. एप्रिलमध्ये आठवड्याभरात ते झाड उभ्याउभ्या वाळले. ते काढले तेव्हा मुळांकडे पाहिले. बारीक मुळे जवळजवळ उरलीच नव्हती. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वरून हिरवे होते हो, सर."

आता मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती तार कोणा खोडकर मुलाने बांधली नव्हती. दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाचा पडदा ताणण्यासाठी मीच ती बांधली होती. पडदा काढला, तार मात्र विसरलो. जलवाहिन्या आणि रसवाहिन्या हे शब्द तेव्हाही मला पाठ होते. परीक्षेत विचारले असते तर पूर्ण गुण मिळाले असते. पण पुस्तकातली रसवाहिनी आणि अंगणातल्या कडुनिंबाची साल एकच आहे, हे तार आवळताना माझ्या ध्यानात आले नाही. ते ध्यानात आणून दिले आठवीतल्या एका मुलीने. तिला शब्द माहीत नव्हता, पण तिने झाडाकडे नीट पाहिले होते.

उजव्या बाजूच्या खड्ड्यात आम्ही दुसरे रोप लावले आहे. त्याला आधाराची काठी आहे आणि ती सुती कापडाच्या सैल पट्टीने बांधलेली आहे. ही पट्टी दर सहा महिन्यांनी सोडून पुन्हा सैल बांधायची, असे ठरले आहे. ती तारीख वर्गातल्या भिंतीवर लिहिलेली असते आणि ती पाळण्याची जबाबदारी आठवीकडे असते.

उद्या शाळेत येताना वाटेतल्या झाडांकडे एकदा पाहा. कुणाच्या बुंध्याला फलकाची तार असेल, कुणाच्या अंगात खिळे असतील, कुणाच्या पायाशी सिमेंट असेल. आता तुम्हांला त्याचा अर्थ कळतो. मोठ्यांना सांगा, त्यांची मदत घ्या आणि एका झाडाचा तरी गळा मोकळा करा.

स्वाध्याय

१. एकदोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बी रुजण्यासाठी कोणत्या तीन गोष्टी लागतात?
(आ) रोप मातीच्या गोळ्यासकट का हलवतात?
(इ) व्हान हेल्मोंटच्या हिशोबातून कोणती गोष्ट सुटली?

२. कारणे लिहा.
(अ) तार रुतली तरी कडुनिंबाची पाने हिरवी राहिली.
(आ) झाडावर ठोकलेला खिळा दहा वर्षांनीही त्याच उंचीवर राहतो.
(इ) कुंडीच्या तळाला भोक असावे लागते.

३. पुढील शब्दांचे मराठीतील आणि उर्दूतील अर्थ सांगा व प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा : पत्ता, जड, खत, साल.

४. "वरून हिरवे होते हो, सर." या वाक्यातून चाचांच्या मनातील भावना तुमच्या शब्दांत लिहा.

५. उपक्रम : शाळेच्या किंवा घराच्या जवळचे एक झाड निवडा. महिनाभर दर आठवड्याला त्याची पाने, खोड आणि बुंध्याजवळची माती पाहा आणि जे दिसेल ते वहीत मराठीत नोंदवा.